अठरा अक्षरांचं औषध

न्युसिनर्सेन या औषधाचा रेणू म्हणजे अठरा अक्षरांची साखळी. जनुकांची लिपी चारच अक्षरांची. ती अठरा घरांत मांडायचे प्रकार होतात ६,८०० कोटींहून अधिक. माणसाचा अख्खा जनुकीय मजकूर साधारण ३०० कोटी अक्षरांचा. एवढ्या पसाऱ्यात आपली नेमकी जोडी शोधून चिकटायला अठरा अक्षरं पुरतात!

ही साखळी चिकटते कुठे, तेही बघण्यासारखं आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी झालेल्या बाळात एसएमएन-१ हे जनुक नसतं किंवा बिघडलेलं असतं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. एसएमएन-२ ही त्याची जवळपास हुबेहूब प्रत मात्र शाबूत असते. पण त्यातल्या एका अक्षराच्या फरकापायी आरएनएची जोडणी होताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि प्रथिन टिकत नाही. त्या तुकड्याच्या जरा पुढे, ‘हा वगळा’ असं सांगणारी १५ अक्षरांची जागा २००६ मध्ये अमेरिकेत रवींद्र सिंह यांच्या गटाने दाखवून दिली. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचे एड्रियन क्रायनर आणि आयोनिस कंपनी यांनी तिच्यावर नेमकी बसणारी साखळी घडवली. जागा झाकली की हुकूम वाचताच येत नाही, आणि सातवा तुकडा राहतो. मूळ जनुकाला कुणी हातही लावलेला नसतो. २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. ते कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. सुरुवातीच्या मात्रांनंतर दर चार महिन्यांनी. ज्यांना आधाराशिवाय बसणं कधीच जमलं नसतं, अशी काही बाळं बसू लागली. मंजुरीच्या वेळी किंमत मात्र पहिल्या वर्षाला साडेसात लाख डॉलर होती. तिथे थक्क होण्याचं कारण वेगळं.

कल्पना तशी जुनी. १९७८ मध्ये हार्वर्डच्या झामेचनिक आणि स्टीफन्सन यांनी तेरा अक्षरांच्या साखळीने कोंबडीच्या पेशींतल्या एका विषाणूची वाढ रोखली होती. पहिलं औषध बाजारात यायला त्यानंतर वीस वर्षं लागली.

आता हीच युक्ती झाडांच्या पानांवर उतरली आहे. क्रिमियात व्होलोदिमिर ओबेरेमोक २००८ पासून किडींवर डीएनएच्या आखूड साखळ्या फवारून बघताहेत: आधी झाडांची पानं फस्त करणाऱ्या अळ्यांवर, पुढे खवले किडींवर. साखळी पाण्यात मिसळून फवारायची, ती किडीच्या त्वचेतूनच आत शिरते. खवले किडींसाठीची एक साखळी फक्त अकरा अक्षरांची आहे.

इथे मी जरा अडखळतो. अकरा घरांचे प्रकार होतात जेमतेम ४२ लाख, आणि किडीचा मजकूर असतो अनेक कोटी अक्षरांचा. म्हणजे निव्वळ योगायोगानेही तिला चिकटायला कितीतरी जागा सापडतील. यावरची तोड हुशारीची आहे: नेम धरायचा रायबोसोमच्या आरएनएवर. पेशीतला सुमारे ८० टक्के आरएनए तोच, त्यामुळे साखळीची गाठ बहुतेकदा त्याच्याशीच पडणार. पण या आरएनएचा बराच भाग सगळ्या कीटकांत सारखाच असतो. तेव्हा ती अकरा अक्षरं मधमाशीच्या आणि ढालकिड्याच्या आरएनएत कुठे आहेत का, हे फवारणीचा पंप भरण्याआधीच तपासून घेतलेलं बरं.