पत, पट्टी आणि पैसा

धुळ्यास जन्मलेल्या आणि इंग्लंडात वाढलेल्या मनोज बदाले यांनी केंब्रिज येथे अर्थशास्त्राचे अध्ययन केले. 1998 साली चार्ल्स मिंडेनहॉल यांच्यासह त्यांनी ‘ब्लेनहाइम चॅलकॉट’ ही नवे उद्योग उभारणारी संस्था काढली. कर्ज घेऊ पाहणाऱ्यास स्वतःची पत विनामूल्य दाखविणारी ‘क्लिअरस्कोअर’ ही तिचेच अपत्य.

क्रिकेटकडे ते वळले तेही हिशेबानेच. 2008 च्या लिलावातील आठ संघांपैकी सर्वांत स्वस्त, 6 कोटी 70 लक्ष डॉलरांचा राजस्थानचा संघ त्यांच्या गटाने घेतला. आणि शेन वॉर्नच्या त्या संघाने नेरूळच्या मैदानावर, अगदी अखेरच्या चेंडूवर, पहिलेच अजिंक्यपद पटकावले! पुढे एका सहमालकावर सट्टेबाजीचा ठपका आला आणि 2016 व 2017 मध्ये संघ बाहेर बसला. खेळाडूंचा यात काय दोष?

‘ब्रिटिश एशियन ट्रस्ट’चे अध्यक्षपदही बदाले यांनी सांभाळले. या संस्थेने 2018 मध्ये भारतातील मुलांच्या शिक्षणासाठी निराळेच रोखे योजले. भांडवल आधी गुंतवणूकदाराने घालावयाचे. मुलांचे वाचन व गणित ठरल्याप्रमाणे सुधारले, तरच देणगीदाराने ते परताव्यासह फेडावयाचे. व्यापाऱ्याची ही रीत दानधर्मात काहींना रुक्ष वाटेल; परंतु मूल खरोखर वाचू लागले की नाही, हे तीत कोणालातरी तपासावेच लागते.