बाईंची सुट्टी, बाईंची शाळा

मे महिना म्हणजे शिक्षिकांची चैन, असं सगळ्या जगाला वाटतं. पेपर तपासून झाले, एक मे रोजी झेंडावंदन करून निकालपत्रं वाटली, की बाई दीड महिना मोकळ्या! मोकळ्या म्हणजे कशा, ते आपलं आपल्यालाच ठाऊक. कुरडया, शेवया, पापड, वर्षाचं तिखट, घरातली दोन नि भावकीतली चार लग्नं, माहेरवाशिणी, त्यांची मुलं. जून उजाडतो तेव्हा आपण शाळेत विसावा घ्यायला जातो की काय, असं वाटावं!

पण या सुट्टीचा आणखी एक उपयोग असतो. तो आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहे, आणि त्याहून थोड्या जणींनी तो केला आहे. सुट्टीत शिकायला जायचं. तेही प्रवास करून, घर सोडून, आणि स्वतःच्या खिशाला फारशी झळ न लावता.

मी तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. आमच्या विषयाची एक गंमत आहे. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळा असते. तिथे लिटमस लाल झालेला त्या स्वतः बघतात आणि मुलांनाही दाखवतात. आमची प्रयोगशाळा मात्र सगळी गावाबाहेर. वाळवंट, बंदर, किल्ला, लेणी, शिलालेख हे सगळं आम्ही खडूने फळ्यावर काढतो. समुद्र न पाहिलेल्या बाई समुद्र न पाहिलेल्या मुलांना भरती-ओहोटी शिकवतात. मुलं पाठ करतात, मार्कही मिळतात. पण मनातून आपल्याला ठाऊक असतं, की आपण ऐकीव गोष्ट सांगतोय.

अमेरिकेत समाजशास्त्र विषयाच्या शिक्षकांची ही अडचण ओळखून बऱ्याच आधीपासून सोय केली गेली. तिकडची उन्हाळी सुट्टी दोन-अडीच महिन्यांची. मानव्यविद्यांसाठी १९६५ साली स्थापन झालेल्या तिथल्या सरकारी संस्थेने शिक्षकांसाठी उन्हाळी अभ्यासवर्ग भरवले. त्यातले काही थेट ऐतिहासिक जागी जाऊन, आठवडाभर राहून करायचे, आणि वर शिक्षकाला विद्यावेतन! ‘फंड फॉर टीचर्स’ ही संस्था २००१ साली सुरू झाली. तिची तऱ्हाच वेगळी. कुठे जायचं, काय बघायचं, ते शिक्षकानेच आखायचं. बेत पटला, तर एकट्या शिक्षकाला पाच हजार डॉलरपर्यंत मदत. २००२ साली सुरू झालेल्या गटे इन्स्टिट्यूटच्या उपक्रमातून तिकडचे शिक्षक उन्हाळ्यात जर्मनी बघून आले. अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या सरकारी संस्थेची शेकडो अनुदानं एका झटक्यात रद्द झाली. शिक्षकाचा प्रवास ही चैन आहे, असं समजणारे सगळीकडेच असतात.

आपल्याकडे काय? आपल्याकडे सीसीआरटी आहे, म्हणजे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही स्वायत्त संस्था १९७९ साली सुरू झाली. कमलादेवी चट्टोपाध्याय आणि डॉ. कपिला वात्स्यायन या दोन मोठ्या बायका तिच्यामागे होत्या, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवावं. मुख्यालय दिल्लीत द्वारकेला आणि केंद्रं उदयपूर, हैदराबाद, गुवाहाटीला. नोकरीत असलेल्या शिक्षकांना देशभरातून बोलवायचं, एकत्र ठेवायचं, कला, इतिहास, हस्तकला शिकवायची आणि आसपासची ठिकाणं दाखवायची, असं तिचं काम.

मी २०१८ च्या उन्हाळ्यात उदयपूरला जाऊन आले, तीन आठवड्यांसाठी. नाव गेल्याचं पत्र आलं तेव्हा घरात एकदम शांतता पसरली. नवरा म्हणाला, ‘‘कशाला एवढ्या उन्हात? सगळं मोबाइलवर दिसतं की.’’ मुलीची दहावी सुरू होणार होती. कुरडयांचे गहू भिजत घालायचे होते. सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना हाक मारून म्हणाल्या, ‘‘औंदा चीक हाटायला तुमी या बरं का. आमची सून शाळंला चालली.’’ झालं! विषय संपला.

तिथे आमच्या खोलीत आम्ही तिघी होतो. एक आसामच्या बाई, एक तमिळनाडूच्या आणि मी. भाषा म्हणाल तर तिघींची मोडकी हिंदी. पण पहिल्याच रात्री कळलं, की निघताना तिघींनीही घरात त्याच प्रश्नांना उत्तरं दिली होती. जेवणाचं कोण बघणार? मुलांचं काय? एकटीच जाणार? पुरुष सहकाऱ्यांना मी मुद्दाम विचारलं. त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं.

अभ्यासवर्गात आम्ही कठपुतळ्या केल्या. उदयपूरच्या भारतीय लोककला मंडळात, म्हणजे देवीलाल सामर यांनी १९५२ साली उभ्या केलेल्या संस्थेत, त्या नाचतानाही बघितल्या. पण मला खरं हलवलं ते दोन जागांनी.

पहिली जागा आहाड. उदयपूर शहरालगतचं एक टेकाड आणि शेजारी लहानसं संग्रहालय. चार हजार वर्षांपूर्वी इथे तांब्याची हत्यारं करणारी माणसं राहत होती. त्यांची काळी-तांबडी भांडी, त्यावर पांढरी नक्षी. माहितीफलक वाचताना एकदम ओळखीचं नाव आलं. १९६१-६२ मध्ये इथे उत्खनन केलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी! ज्यांचं नाव मी मुलांना एका ओळीत सांगून पुढे जात असे, त्यांनी इथे उन्हातान्हात मातीचा थर न् थर मोजला होता. इतिहास कुणीतरी खणून काढलेला असतो, तो पुस्तकात आपोआप उगवत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी ते दिसलं.

दुसरी जागा राजसमंद. उदयपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवरचं प्रचंड तळं. महाराणा राजसिंहाने १६६२ ते १६७६ या काळात ते बांधवून घेतलं. घाटाला पांढराशुभ्र संगमरवर आणि त्यात बसवलेल्या काळ्या दगडाच्या पंचवीस शिळा. त्यांवर कोरलेलं संस्कृत काव्य म्हणजे ‘राजप्रशस्ती’. सगळे फोटो काढत होते. सोबतचे मार्गदर्शक सांगत होते, की दुष्काळ पडला होता, लोकांना काम आणि धान्य मिळावं म्हणून राजाने हे तळं खणायला घेतलं. मी तिथेच पायरीवर बसले. दुष्काळात तळी खणायची, म्हणजे आमच्या मराठवाड्याची गोष्ट! पंचवीस शिळांवर राजाचं नि त्याच्या घराण्याचं कौतुक. पण दगड वाहणाऱ्या बायकांचं नाव कोणत्या शिळेवर असणार?

घरी आल्यावर सासूबाईंना फोटो दाखवले आणि विचारलं, ‘‘तुम्ही होतात ना बहात्तरच्या दुष्काळात?’’ त्या हसल्या. ‘‘आमी कशाचा इतिहास गं? आमी खडी फोडली.’’ मग दोन तास बोलत राहिल्या. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, नुकतंच लग्न होऊन आलेल्या. कामावरची सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, हातोडीने सोललेले तळवे, झाडाला बांधलेल्या झोळ्या आणि शनिवारच्या पगाराची रांग. गावामागच्या ज्या पाझर तलावात आमची मुलं पोहतात, तो त्यांनी आणि त्यांच्या जावांनी माती वाहून भरलेला. सतरा वर्षं मी त्या घरात राहत होते, त्याच तलावावरून शाळेत जात होते!

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी आठवीच्या मुलांना राजसमंदचा फोटो दाखवला आणि घरी जाऊन बहात्तर सालाबद्दल विचारून यायला सांगितलं. तेवीस आज्या-आजोबांच्या आठवणी वहीत उतरल्या. मग रोजगार हमी शिकवायला वेळ लागला नाही. महाराष्ट्राने त्या दुष्काळात ही योजना राबवली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशभरासाठी कायदा झाला तेव्हा त्याचा पाया इथलाच होता. ‘‘म्हंजी बाई, आमच्या आजीमुळं कायदा झाला?’’ एकाने विचारलं. मी म्हटलं, ‘‘तिच्यामुळंही.’’

उदयपूरच्या पिचोला तळ्याची गोष्टही सांगितली. चौदाव्या शतकात ते एका बंजाऱ्याने बांधलं, असं तिथे परंपरेने सांगतात. वर्गात तांड्यावरची एक मुलगी शेवटच्या बाकावर बसायची, कधी तोंड उघडायची नाही. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘‘बाई, खरंच आमच्या लोकांनी?’’ मी तिला सांगितलं, की बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून सगळा देश पालथा घालणारे ते लोक. दिवाळीआधी ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलीच. एका तासाने ते थांबत नसतं. पण परत आली तेव्हा तिच्या वहीत वाटेतल्या प्रत्येक गावाचं, नदीचं, साखर कारखान्याचं नाव ओळीने लिहिलेलं होतं. वर्गातला त्या वर्षीचा सगळ्यात खरा नकाशा तिचाच होता.

मैत्रिणींनो, म्हणून हे सगळं सांगतेय. प्रशिक्षण आपल्याला नवीन नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. त्यातलं बरंचसं मोबाइलवर होतं. व्हिडिओ सुरू असतो, शेजारी कुकरच्या शिट्ट्या मोजणं सुरू असतं, शेवटी प्रमाणपत्र निघतं. माहिती त्यातूनही मिळते, नाही असं नाही. पण घरातच बसलेल्या बाईला घर कधी शिकू देत नाही. त्यासाठी उंबरा ओलांडावा लागतो.

तर काय करायचं? सीसीआरटीच्या अभ्यासवर्गांसाठी नावं राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत जातात. त्यामुळे मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला आधीच सांगून ठेवा, की पत्र आलं तर माझं नाव कळवा. पुष्कळदा पत्र येतं, कपाटात जातं, आणि तारीख उलटल्यावर सापडतं! वर्षाचं वेळापत्रक संस्थेच्या संकेतस्थळावर बघता येतं. वर्ग वर्षभर असतात. सुट्टीत येणारा मिळाला, तर शाळेचाही खोळंबा होत नाही. इंग्रजीची भीती नसेल, तर फुलब्राइटच्या शिक्षकांसाठीच्या योजनेची चौकशी करा. तिच्यातून भारतातले माध्यमिक शिक्षक सहा आठवड्यांसाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेले आहेत, आणि समाजशास्त्र हा विषय तिच्यात धरला गेला आहे. त्या त्या वर्षीच्या अटी मात्र नीट वाचून घ्या.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? चार जणी मिळून आपली आपणच फेलोशिप काढा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेरला जा, तिथल्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती बघा. जुन्नरजवळ नाणेघाटात जा. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. त्यातले अंक मुलांना दाखवायला फोटो काढून आणा. दोन दिवस, एक वही, डब्यात दशम्या-चटणी. बेत मात्र आधी कागदावर लिहा. काय बघायचं, कोणत्या धड्यासाठी, परत येऊन वर्गात काय करायचं. नाहीतर ती सहल होते.

कुरडया आमच्याकडे त्या वर्षीही झाल्या. थोड्या जाड झाल्या, एवढंच. तळल्यावर कुणाला कळलंही नाही.