किडनी सावरते, पण कुणाची?

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, कोपरगाव या उसाच्या पट्ट्यात शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं पाळीने येत आली आहे, आणि त्यात रात्रीची पाळी ठरलेली. वीज रात्री म्हणून पाणी रात्री, आणि पाणी रात्री म्हणून दारं धरायला माणूसही रात्रीच बांधावर. उसात उंदीर फार, उंदरांच्या मागावर घोणस. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक २०१७ साली याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत सुरू झाला. दिवसा वीज मागताना शेतकरी साप आणि बिबट्याचं नाव घेतात. त्या यादीत किडनीचंही नाव असायला हवं.

कारण घोणशीचं विष रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम कामाला लावतं. बारीक रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात आणि गोठण्याची सगळी सामग्री त्यातच संपून जाते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, रक्तदाब उतरतो. एकीकडे वाहिन्या तुंबलेल्या, दुसरीकडे रक्ताचा पुरवठाच आटलेला, अशा दुहेरी मारात किडनी सापडते. एक-दोन दिवसांत लघवी कमी होते, कधी पुरती थांबते. असे दोन रुग्ण समजा: एक तीन आठवड्यांनी स्वतःच्या किडनीच्या भरवशावर घरी जातो आणि दुसरा आयुष्यभरासाठी डायलिसिसला बांधला जातो. साप तोच, तालुका तोच. मग फरक कशाने पडतो?

हा प्रश्न सर्पदंशापुरता नाही. काही तासांत किंवा काही दिवसांत किडनीचं काम अचानक ढासळणं, यालाच डॉक्टर ‘अ‍ॅक्यूट किडनी इंजुरी’ म्हणतात. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१३ साली मांडला गेला, तेव्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढांपैकी साधारण पाचातल्या एकाला ती होते असं दिसलं. शहरी अतिदक्षता विभागात तिचं मोठं कारण म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग. गावाकडे जुलाब-उलट्यांनी आटलेलं पाणी, लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, बाळंतपणातला रक्तस्राव आणि साप. औषधांनी होणारी इजा दोन्हीकडे. वर्षानुवर्षं झिजत गेलेली किडनी परत येत नाही, ही मात्र येऊ शकते. नातेवाईक ‘किडनी फेल’ एवढं ऐकून हातपाय गाळतात, तेव्हा हा फरक त्यांना कुणीतरी बसून समजावायला हवा.

किडनी का कोसळते आणि का सावरते, हे तिच्या रचनेत आहे. दोन्ही किडन्या मिळून जेमतेम पाव किलोच्या आसपास, पण हृदयाने ढकललेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी त्या गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. परत घेण्याचं हे काम करणाऱ्या सूक्ष्म नलिकांचा बराच भाग किडनीच्या आतल्या थरात असतो आणि तिथे ऑक्सिजन मुळातच बेताचा. रक्तदाब उतरला की सर्वांत आधी गुदमरतात त्या या नलिकांच्या पेशी. त्या सुटतात, नळीत अडकतात, लघवी थांबते. पण नळीच्या भिंतीवर ज्या पेशी शिल्लक राहतात त्या पुन्हा विभागू लागतात, पसरतात आणि भिंत नव्याने लिंपतात. याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात.

सारवायला भिंतच उरली नाही तर? किडनीच्या बाहेरच्या थरात रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म पुंजके असतात. तो थरच मेला तर पुंजके नव्याने उगवत नाहीत. घोणशीच्या विषाने आणि बाळंतपणातल्या भयंकर रक्तस्रावाने नेमकं हे होऊ शकतं. चंदीगडच्या पीजीआयमध्ये डॉ. के. एस. चुघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद अनेक वर्षं चिकाटीने ठेवली. नेमकं काय मेलं, नळ्यांचं अस्तर की अख्खा थर, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आणि काय मेलं हे बरंचसं वेळेवर ठरतं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन रक्तात मोकळं फिरणारं विष निकामी करतं, झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला, देवळात बसवलेला, पायाला करकचून दोरी बांधलेला प्रत्येक तास किडनीच्या खात्यातून वजा होतो. उपचार सुरू करण्यासाठी लागणारी महत्त्वाची तपासणी इतकी साधी आहे की ती कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात व्हावी: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, गोठलं नाही, तर विष भिनलं आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. नगर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात कित्येक वर्षं घालवली आहेत. मोठ्या शहराबाहेर राहून, वेळ हाच उपचार मानून काय साधता येतं, याचा तो पुरावा आहे.

अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक. जामखेडहून नगर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाडीवरून मोठं रुग्णालय गाठायचं तर आधी घाट उतरावा लागतो. लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं त्याचं मोल या अंतरांच्या नकाशावर कळतं. पण असं केंद्र एका तालुक्यात असतं आणि तालुके चौदा आहेत. सापाचं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देऊन मग १०८ ने पुढे पाठवणं आणि काहीच न देता ‘नगरला न्या’ म्हणणं, यात किडनीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

फरक पाडणारी दुसरी गोष्ट, इजा होण्याआधी किडनी कशी होती. मधुमेह, जुना रक्तदाब, वय आणि आधीच थोडी झिजलेली किडनी असेल तर सावरण्याची शक्यता घटते. इथे एक फसगत वारंवार होते. किडनीचं काम आपण रक्तातल्या क्रिएटिनिनवरून जोखतो आणि ते तयार होतं स्नायूंत. अंगावर मांस नसलेल्या, अशक्त बाईचं नेहमीचं क्रिएटिनिन ०.५ असू शकतं. ते १.० झालं तर लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ दिसतं, पण प्रत्यक्षात ते दुप्पट झालेलं असतं. २०१२ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा आठवड्यात दीडपट वाढ म्हणजेच इजा. शिवाय क्रिएटिनिन उशिरा चढतं, इजा होऊन एक-दोन दिवस गेल्यावर. म्हणून लघवी मोजणं महत्त्वाचं. सहा तास तासाला किलोमागे अर्ध्या मिलिलिटरहून कमी, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पंचवीस मिलिलिटरपेक्षा कमी, हीसुद्धा इजाच. त्यासाठी मशीन लागत नाही, भांडं, घड्याळ आणि लिहून ठेवणारी नर्स लागते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ऊसतोड कामगारांची. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून आणि शेजारच्या बीडहून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. हंगामाच्या शेवटी ऊन चढतं. फडात सावली नाही, आडोसा नाही, म्हणून बायका पाणी कमी पितात. अंग दुखतं म्हणून रोज दुकानातली वेदनाशामक गोळी. किडनीसाठी याहून वाईट जुळणी शोधून सापडणार नाही. शरीरात पाणी कमी असताना किडनी काही खास रसायनांच्या जोरावर आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तीच रसायनं बंद करतात. रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. जुलाब-उलट्या चालू असताना या गोळ्या थांबवाव्यात का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारायला हवं.

निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये तरुण ऊसतोड कामगारांच्या किडन्या मोठ्या संख्येने निकामी होत गेल्या. दिवसाच्या कामाआधी आणि नंतर रक्त तपासलं तेव्हा एकेका पाळीत छोटी छोटी इजा होताना दिसली. अशी लहान इजा पुन्हा पुन्हा होण्याने काय घडतं, याचा एक धागा २०१० साली प्रयोगशाळेत सापडला: वारंवार किंवा जबर मार बसलेल्या नलिकांच्या पेशी विभाजनाच्या मधल्याच टप्प्यावर अडकून पडतात आणि भोवती वण तयार करणारे संदेश सोडत राहतात. दुरुस्ती अर्धवट राहते, वण मात्र वाढत जातो. अशा माणसाला पुढे मोठी इजा झाली, तर रुग्णालयात पोचते ती किडनी आधीच निम्मी खर्ची पडलेली. आपल्या फडांवरही हंगामाआधी आणि हंगामानंतर एकेक रक्ततपासणी व्हायला हवी. साखर कारखान्यांना ते अवघड नाही.

आता रुग्णालय. आयसीयूबाहेर नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मशीनला कधी लावताय?’ त्या डायलिसिसच्या मशीनचा जन्मच अचानक झालेल्या इजेसाठी झाला. ते बनवणाऱ्या नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ यांचे सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई डायलिसिसनंतर शुद्धीवर आली आणि किडनी सावरून पुढे कित्येक वर्षं जगली. तेव्हापासून वाटत आलं की जितकं लवकर आणि जितकं जास्त डायलिसिस, तितकं चांगलं. तसं नाही. अमेरिकेतला २००८ चा आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला २००९ चा, असे दोन मोठे अभ्यास सांगतात की डायलिसिसची मात्रा वाढवून जास्त लोक वाचत नाहीत. फ्रान्समध्ये २०१६ साली तातडीचं कारण नसलेल्या रुग्णांपैकी काहींना थांबवून ठेवलं, तर त्यातल्या जवळपास निम्म्यांना डायलिसिस लागलंच नाही. २०२० साली पंधरा देशांतल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या अभ्यासात लवकर आणि थांबून, दोन्ही गटांत मृत्यू सारखेच, ४४ टक्क्यांच्या आसपास. पण वाचलेल्यांपैकी ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिलेले लवकरच्या गटात १० टक्के आणि थांबलेल्यांत ६ टक्के. पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर गेलं, फुप्फुसांत पाणी भरलं, रक्तातलं आम्ल आवरेना, तर मात्र क्षणभरही थांबायचं नसतं. एरवी थांबणारा डॉक्टर हलगर्जी नसतो.

मग आत निकाल कशावर लागतो? बाकी अवयवांवर. किडनीसोबत फुप्फुसं, यकृत, मेंदूही कोलमडले असतील आणि व्हेंटिलेटर लागला असेल, तर धोका पायरीपायरीने चढत जातो. २००५ साली २३ देशांतल्या आयसीयूंची पाहणी झाली. त्यात जबर इजा झालेल्या शंभरांतले साठ रुग्णालयातच दगावले, पण वाचलेल्या दर शंभरांतले सुमारे ८६ जण डायलिसिसशिवाय घरी गेले. जीव वाचला तर बहुतेकदा किडनीही सावरते, असा याचा अर्थ. म्हणून संसर्गावर योग्य अँटिबायोटिक वेळेत पोचणं, रक्तदाब टिकवणं आणि किडनीला जड जाणारी औषधं टाळणं, हीच मुख्य लढाई.

आणि सलाइन. ‘एक बाटली लावा’ हा आग्रह आपल्याकडे फार जुना. आटलेल्या शरीराला पाणी देणं हा पहिला उपचार आहेच. पण लघवी थांबलेल्या माणसाला बाटल्यांवर बाटल्या चढवल्या की पाणी फुप्फुसांत आणि सुजलेल्या किडनीत साचतं. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या अभ्यासात, साचलेलं पाणी वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त झालेल्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसले. किती गेलं, किती आलं आणि आजचं वजन किती, या तीन नोंदी रोज व्हायला हव्यात.

सावरण्याची पहिली खूण म्हणजे लघवी सुटते, कधी दिवसाला तीन-चार लिटर. घरचे सुटकेचा निश्वास टाकतात, पण हा टप्पाही नाजूक असतो. नव्याने लिंपलेल्या नळ्यांना पाणी आणि क्षार परत घेणं अजून जमत नसतं. इथे शरीर पुन्हा आटलं तर दुसरी इजा होते.

आणि मग डिस्चार्ज. इथेच आपली व्यवस्था सर्वांत उणी पडते असं मला वाटतं. क्रिएटिनिन उतरलं, बिल झालं, कार्डावर ‘सर्पदंश’ किंवा ‘गॅस्ट्रो’ एवढंच लिहिलं, किडनीचा उल्लेखही नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस गुडघेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि वेदनाशामक इंजेक्शन घेऊन येतो. एकदा इजा झालेल्या किडनीला पुढे कायमचा आजार जडण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, रिपोर्ट नॉर्मल झाला तरी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, डायलिसिस लागून वाचलेल्यांपैकी ज्यांना तीन महिन्यांच्या आत किडनीतज्ज्ञांनी पुन्हा तपासलं, त्यांच्यात पुढचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी दिसले. जे परत येऊ शकतात ते मुळातच धडधाकट, हेही त्यामागे असू शकतं. तरीही तीन महिन्यांनी एकदा क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब, ही तपासणी जगभर मान्य झालेली आहे आणि तिला खर्च फारसा येत नाही. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देणारा केंद्राचा कार्यक्रम चालू आहे. त्या खुर्चीपर्यंत माणूस पोचू नये यासाठीची तपासणी मात्र कुणाच्या यादीत नाही. आशाताईंच्या वहीत बाळंतिणीचं नाव असतं, क्षयरुग्णाचं असतं. किडनीला मार बसून घरी परतलेल्या माणसाचं नावही तिथे लिहिता येईल आणि त्याच्या कार्डावर तीन ओळी: इजा कधी झाली, घरी जाताना क्रिएटिनिन किती होतं, आणि कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.