भोसरी नसलेलं जग

डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे जिजामाता एक्सप्रेसने पुण्याहून मुंबईला निघतात. ही गाडी डेक्कन क्वीनलाही मागे टाकते आणि चाळीस मिनिटांत लोणावळा गाठते. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातून देशभरातल्या मुलांनी वाचलं. त्यात नारळीकर जाता जाता सांगून टाकतात की पुण्याबाहेर औद्योगिक वसाहती नव्हत्याच. भोसरीत राहणाऱ्याने हे वाचलं तर काळजाचा ठोका चुकतो.

कारण कथेतल्या त्या वेगळ्या जगात १९५४ साली पिंपरीत सुरू झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स नाही. १९६२ साली स्थापन झालेलं औद्योगिक विकास महामंडळ नाही, म्हणून जे ब्लॉक, एस ब्लॉकमधली शेडं नाहीत, टेल्को रोड नाही. 'फर्स्ट पीस' क्वालिटीला पाठवून ओके येईपर्यंत मशीनपाशी थांबलेला सीएनसीचा सेटर नाही. बीड, लातूर, जळगावहून येऊन इथेच घर केलेली माणसं नाहीत. गंगाधरपंतांना गाडीत भेटलेले खानसाहेब तर मुंबईहून दिल्ली, लाहोर करत थेट पेशावरला निघालेले आहेत. वाटेत सीमा आडवी येत नाही. फाळणी झालीच नसेल, तर सिंधी निर्वासितांनी वसवलेला पिंपरी कॅम्पही नसणार. नारळीकरांनी हे लिहिलेलं नाही, पण त्यांनी मांडलेल्या डावातून ते आपसूक निघतं. भोसरी गाव मात्र असेल. भैरवनाथाची यात्रा भरत असेल, गावाभोवती बाजरी डुलत असेल.

एवढी उलथापालथ कशाने झाली? एका गोळीने. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी फौजेचा धीर सुटला. कथेतल्या दुसऱ्या जगात तीच गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात आणि इंग्रज मुंबईसारख्या मोजक्या ठाण्यांपुरते उरतात.

हा कालप्रवास नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. गंगाधरपंत १७६१ मध्ये जात नाहीत. ते आपल्याच काळात राहतात, फक्त शेजारच्या जगात. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ च्या 'द टाइम मशीन' कादंबरीतला प्रवासी काळाच्या एकाच रस्त्यावरून पुढे जातो. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांनी १९६६ च्या 'ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट' या कादंबरीत तिसरीच युक्ती केली. इंग्लंडमध्ये १९६६ चालू, फ्रान्समध्ये पहिलं महायुद्ध आणि ग्रीसमध्ये प्राचीन अथेन्स, असे वेगवेगळे काळ त्यांनी एकाच पृथ्वीवर मांडले.

या तिन्हींतला पुढे जाण्याचा कालप्रवास खरोखर घडतो. चाकणहून माल भरून निघालेल्या ट्रकचं ठिकाण मोबाइलवर दिसतं, ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमुळे. त्यांच्यावरची घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. शिल्लक ३८. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, पण प्रकाश तसल्या ३८ मायक्रोसेकंदांत अकरा किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर भोसरीतला ट्रक दिवसाभरातच आळंदीच्या आसपास दिसायला लागेल! आइनस्टाइनचं हे गणित आपण रोज खिशात घेऊन फिरतो आणि मला त्याचं नवल काही केल्या ओसरत नाही.

मागे जाणं अवघड. कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइनस्टाइनच्याच समीकरणांतून फिरतं विश्व काढून दाखवलं, ज्यात प्रवासी पुढे पुढे जात स्वतःच्या भूतकाळात पोहोचू शकतो. पण आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. शिवाय भूतकाळात जाऊन कुणी आपल्याच आजोबांचं लग्न मोडलं, तर ते मोडायला गेलं कोण? समांतर विश्वात हा पेच सुटतो. आजोबांचं लग्न एका जगात होतं, दुसऱ्यात होत नाही.

पण एका गोळीने अख्खा इतिहास कसा फिरेल? कथेत गंगाधरपंतांचा अनुभव ऐकणारे राजेंद्र देशपांडे यासाठी कॅटास्ट्रॉफी थिअरीचा आधार घेतात. रने थॉम या फ्रेंच गणितज्ञाचा हा सिद्धान्त भोसरीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये तपासता येतो. बारा इंची पातळ स्टील पट्टी दोन्ही टोकांना धरा आणि आत दाबत जा. आधी काहीच होत नाही. दाब वाढतो, पट्टी सरळच. मग एका क्षणी ती बाक घेते, डावीकडे किंवा उजवीकडे. दाब दोन्हीकडून सारखा होता. बाजू ठरवली ती हाताच्या बारीकशा थरथरीने. आणि एकदा डावीकडे बाकली की दाब तसाच ठेवून तिला उजवीकडे न्यायला चांगला जोर लावावा लागतो. पानिपतावर दोन फौजा अशाच ताणाला आल्या होत्या. आपल्या चाकणलाही १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्ग शाइस्ताखानाविरुद्ध जवळपास दोन महिने झुंजवला, तो शेवटी सुरुंगाने बुरूज उडेपर्यंत. तो सुरुंग फुसका निघाला असता तर?

दुसरा आधार पुंजभौतिकीचा. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये सुचवलं की मोजमापाच्या क्षणी एक शक्यता खरी होऊन बाकीच्या विरत नाहीत. सगळ्याच घडतात, आपापल्या फांदीवर. गोळी मात्र इलेक्ट्रॉनपेक्षा इतकी जड की तिच्या वाटेतली ही अनिश्चितता कुठल्याच उपकरणात पकडता यायची नाही. नारळीकरांनी दोन सिद्धान्त एकत्र आणले ते इथे उपयोगी पडतं. फांद्या फुटतात पुंजभौतिकीमुळे, आणि क्षुल्लक फरकातून साम्राज्यं उलटतात ती ताणलेल्या पट्टीमुळे. विज्ञानकथेतलं विज्ञान कथेचं वजन पेलू शकतं की नाही, हे मी अशा सांध्यावरच तपासते.

पुरावा म्हणून गंगाधरपंतांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान उरतं. एव्हरेटच्या गणितात मात्र फुटलेल्या फांद्या एकमेकींना चिठ्ठीसुद्धा धाडू शकत नाहीत, मग पान कुठलं! पुण्यात 'आयुका' ही संशोधन संस्था उभारणाऱ्या नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाला हे ठाऊक नसणं शक्य नाही. तरीही त्यांनी ते पान ठेवलं आणि मला ते योग्य वाटतं, कारण त्याविना राजेंद्रना प्राध्यापकांचं बोलणं भ्रमच वाटलं असतं. एव्हरेटच्या त्या फांद्या खरोखर आहेत की नुसत्या समीकरणात, यावर मात्र भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. काही जण प्रत्येक फांदीला आपल्या जगाइतकंच खरं मानतात, तर काहींच्या मते त्या केवळ शक्यता मोजण्याची सोय आहेत, आणि या दोघांपैकी कोण चुकतंय हे दाखवणारा प्रयोग अजून कुणाला करता आलेला नाही.