दर तासाला २.४ टक्के

अल्सर फुटून जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला जे भोक पडतं, ते बहुतेक वेळा एका सेंटिमीटरपेक्षाही लहान असतं. त्यातून जे बाहेर येतं त्याचा हिशेब मात्र चक्रावून टाकतो. जठरातल्या आम्लाचा पीएच १.४ धरा, रक्ताचा असतो ७.४. फरक दिसतो सहाचा, पण पीएचची प्रत्येक पायरी दहापटीची. म्हणजे हे आम्ल रक्तापेक्षा तब्बल १० लाख पट तीव्र. हा रस जठरात दिवसाला दीड-दोन लिटर तयार होतो. तो सांडतो पोटाच्या आतल्या पातळ अस्तरावर, आणि ते अस्तर पसरून मोजलं तर अंगावरच्या सगळ्या कातडीच्या जवळपास भरतं. एकाएकी जीवघेणी कळ येते, पोट फळीसारखं कडक होतं.

पुढच्या टप्प्यावर भलेभले फसतात. चिडलेलं अस्तर पाणी सोडतं, आम्ल पातळ होतं आणि काही तासांनी कळ चक्क ओसरते. रुग्ण उठून बसतो. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल, सकाळी बघू. उतारवयात किंवा स्टेरॉइड चालू असेल तर पोट मुळात तेवढं कडकही होत नाही. आत मात्र आम्लाच्या जळजळीची जागा जंतू घेत असतात. प्रयोगशाळेत पोषक वातावरण मिळालं तर ई. कोलाय हा जंतू २० मिनिटांत दुप्पट होतो. सहा तासांत एकाचे २,६२,१४४. पोटात हा वेग इतका नसतो, कारण शरीर झुंजत असतं. पण रात्रभर थांबणं म्हणजे काय, याचा अंदाज त्यावरून यावा.

हाँगकाँगचे सर्जन जॉन बोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या रुग्णांच्या जिवाला किती धोका आहे ते ओळखायला फक्त तीन प्रश्न पुरेसे ठरवले. आधीचा एखादा गंभीर आजार आहे का? ऑपरेशनआधी रक्तदाब कोसळला आहे का? भोक पडून २४ तास उलटलेत का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असलेल्यांपैकी त्यांच्याकडे कुणीही दगावलं नाही. एक ‘हो’ असेल तर मृत्यूचं प्रमाण १० टक्के, दोन असतील तर ४५.५. तिन्ही ‘हो’ असतील तर १०० टक्के. नंतर इतरत्र हे आकडे इतके टोकाचे आले नाहीत, पण चढण तीच राहिली. जे वाचतात त्यांनाही जखमेत पू, शिवलेल्या जागेतून गळती, न्यूमोनिया, किडनी बंद पडणं यांतून जावं लागू शकतं.

यातला जुना आजार आपल्या हातात नाही. वेळ आहे. डेन्मार्कमध्ये २००३ ते २००९ या काळात ऑपरेशन झालेल्या २,६६८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निम्म्याहून अधिक सत्तरीच्या पुढचे. ७०८ जण तीस दिवसांत गेले. आणि ऑपरेशनला उशीर झालेल्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता आधीच्या तासाच्या तुलनेत २.४ टक्क्यांनी घटत होती. चक्रवाढीनं मांडलं तर सहा तासांत सुमारे १४ टक्के, चोवीस तासांत जवळपास ४४ टक्के. मला हादरवते ती यातली एक बारीक गोष्ट: हे घड्याळ घरी कळ आली तेव्हा सुरू झालेलं नाही. ते सुरू होतं रुग्ण हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. म्हणजे हा उशीर घरच्यांचा नाहीच. तो एक्स-रेच्या रांगेतला, रिकाम्या ओटीची वाट पाहण्यातला, वरिष्ठांना फोन लागण्यातला आहे.

त्याच देशातल्या सात हॉस्पिटलांनी २००८-०९ मध्ये ११७ रुग्णांसाठी शिस्त बांधून घेतली: दाखल होताच अँटिबायोटिक, मोजून सलाईन, ऑपरेशनला विलंब नाही, नंतर डोळ्यांत तेल घालून लक्ष. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. तीस दिवसांतले मृत्यू २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. दर दहा रुग्णांमागे एक जास्त वाचला.