डार्क शॅडोज

डार्क शॅडोज ही अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात प्रसारित झालेली गॉथिक शैलीतील दैनंदिन मालिका आहे. तिचे निर्माते डॅन कर्टिस होते. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावात आणि कॉलिनवूड नावाच्या वाड्यात राहणाऱ्या कॉलिन्स घराण्याची ही कथा आहे. सुरुवातीला कौटुंबिक रहस्यकथा असलेल्या या मालिकेत पुढे भुते, चेटकिणी, व्हॅम्पायर, वेअरवुल्फ आणि कालप्रवास यांचा समावेश झाला. दुपारच्या मालिकांमध्ये अशी कथा त्यापूर्वी आलेली नव्हती. मालिकेचे एकूण १,२२५ भाग प्रसारित झाले. प्रक्षेपण रद्द झालेल्या दिवसांमुळे काही क्रमांक गाळले गेले, त्यामुळे अखेरच्या भागाचा क्रमांक १,२४५ आहे.

मालिका संपून अर्धशतक उलटले, तरी तिच्या पात्रांनी घेतलेले निर्णय आणि कथानकाची बांधणी यांवर प्रेक्षकांमध्ये चर्चा चालू आहे. प्रस्तुत लेखात मालिकेच्या निर्मितीबरोबरच या वादविषयांचाही परामर्श घेतला आहे.

निर्मिती

रेल्वेगाडीत बसून एका अनोळखी मोठ्या घराकडे निघालेली तरुणी डॅन कर्टिस यांना स्वप्नात दिसली आणि त्यावरून मालिकेची कल्पना सुचली, असे ते सांगत. या कल्पनेचा कथाविस्तार आर्ट वॉलेस यांनी केला. पुढील काळात रॉन स्प्रोट, माल्कम मार्मरस्टाइन, जो कॉल्डवेल, गॉर्डन रसेल, सॅम हॉल आणि व्हायोलेट वेल्स यांनी लेखन केले. लेला स्विफ्ट, जॉन सेडविक आणि हेन्री कॅप्लन हे प्रमुख दिग्दर्शक होते. संगीत रॉबर्ट कोबर्ट यांचे होते.

चित्रीकरण न्यूयॉर्क शहरातील स्टुडिओत होई. वाड्याच्या बाह्य दृश्यांसाठी ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथील सीव्ह्यू टेरेस ही वास्तू वापरण्यात आली. प्रत्येक भाग अर्ध्या तासाच्या प्रसारणासाठी असे आणि तो थेट प्रक्षेपणाप्रमाणे जवळजवळ सलग ध्वनिचित्रमुद्रित केला जाई. त्या काळी व्हिडिओ फितीचे संपादन खर्चिक व किचकट होते. त्यामुळे विसरलेले संवाद, चौकटीत शिरलेला ध्वनिग्राहक, हलणाऱ्या भिंती किंवा चुकून दिसलेला रंगमंच-कामगार अशा चुका तशाच प्रसारित होत. पहिले वर्षभर मालिका कृष्णधवल होती. ऑगस्ट १९६७ पासून ती रंगीत झाली.

एकच नटसंच वेगवेगळ्या कालखंडांत वेगवेगळ्या भूमिका करी, हे मालिकेचे ठळक वैशिष्ट्य होते. उदाहरणार्थ, वर्तमानकाळातील एलिझाबेथ आणि अठराव्या शतकातील नेओमी या दोन्ही भूमिका जोन बेनेट यांनी केल्या. रॉजर आणि जोशुआ या भूमिका लुई एडमंड्स यांच्याकडे, तर मॅगी आणि जोसेट या भूमिका कॅथरिन ली स्कॉट यांच्याकडे होत्या.

कथानकाचे टप्पे

आरंभ (१९६६–६७): व्हिक्टोरिया विंटर्स (अलेक्झांड्रा मोल्ट्के) ही अनाथाश्रमात वाढलेली तरुणी लहानग्या डेव्हिडची शिक्षिका म्हणून कॉलिनवूडला येते. आपले आईवडील कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळेल अशी तिला आशा असते. वाड्याची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षे घराबाहेर पडलेली नसते. जेसन मॅग्वायर तिला धमकावू लागतो, तेव्हा यामागचे कारण उघड होते. आपल्या हातून नवऱ्याचा खून झाला आणि त्याचे प्रेत तळघरात पुरले आहे, असे तिला वाटत असते. वास्तविक तो खून झालेलाच नसतो.

बार्नाबसचे आगमन (१९६७): दडवलेल्या दागिन्यांच्या शोधात विली लूमिस हा भुरटा चोर कॉलिन्स घराण्याच्या समाधिगृहातील साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि बार्नाबस कॉलिन्स (जोनाथन फ्रिड) हा व्हॅम्पायर मुक्त होतो. इंग्लंडहून आलेला नातेवाईक म्हणून तो घरात वावरू लागतो. हे पात्र काही आठवड्यांपुरतेच योजलेले होते. तथापि मालिकेची लोकप्रियता झपाट्याने वाढली आणि बार्नाबस कथेचा केंद्रबिंदू झाला.

१७९५ चा कालखंड (नोव्हेंबर १९६७ – मार्च १९६८): मृतात्म्यांना आवाहन करण्याच्या बैठकीत व्हिक्टोरिया अदृश्य होऊन १७९५ मध्ये पोहोचते. बार्नाबस व्हॅम्पायर कसा झाला, हे या कालखंडात उलगडते.

१८९७ चा कालखंड (मार्च – नोव्हेंबर १९६९): क्वेंटिन कॉलिन्स (डेव्हिड सेल्बी) याच्या भुताने डेव्हिडला पछाडल्यावर त्याला वाचवण्यासाठी बार्नाबस समाधी-अवस्थेतून भूतकाळात जातो. क्वेंटिनच्या रूपाने मालिकेला दुसरा लोकप्रिय नायक मिळाला.

उत्तरार्ध (१९६९–७१): लेव्हायथन या आदिम शक्तींची कथा, 'समांतर काळ' आणि १८४० चा कालखंड यांनंतर १८४१ च्या समांतर काळात मालिका समाप्त झाली.

पात्रांचे निर्णय

मालिकेतील बहुतेक आपत्तींचे मूळ अलौकिक शक्तीत नसून एखाद्या माणसाच्या निवडीत असते. चाहत्यांच्या चर्चा प्रामुख्याने पुढील पात्रांभोवती फिरतात.

बार्नाबस: मार्टिनिक बेटावर बार्नाबसचे अँजेलिक (लारा पार्कर) या दासीशी अल्पकाळ संबंध येतात. पुढे तो श्रीमंत घरातील जोसेटशी विवाह ठरवतो आणि अँजेलिकला झिडकारतो. अँजेलिक चेटकीण असते. ती मंत्रप्रयोगाने जोसेटचे मन बार्नाबसचा काका जेरेमाया याच्याकडे वळवते. बार्नाबस द्वंद्वयुद्धात काकाला ठार करतो. धाकटी बहीण सारा हिच्या आजारपणाचा फास टाकून अँजेलिक त्याच्याशी लग्न करते. तिचे खरे रूप कळल्यावर तो तिच्यावर गोळी झाडतो आणि मरणोन्मुख अवस्थेत ती त्याला शाप देते. या शापामुळे सारा, आई नेओमी आणि जोसेट या तिघींचाही अंत होतो. वडील जोशुआ यांना मुलाच्या हृदयात खुंटा ठोकून त्याला कायमचे मुक्त करण्याचे धैर्य होत नाही. ते त्याला शवपेटीत साखळदंडांनी जखडतात. त्यांची ही माया दीड-पावणेदोनशे वर्षांनी अनेकांच्या जिवावर उठते.

बार्नाबसला शापाचा बळी मानावे की गुन्हेगार, हा मालिकेविषयीचा सर्वांत जुना वाद आहे. १९६७ च्या भागांत तो मॅगी इव्हान्सला पळवून नेतो, तळघरातील कोठडीत डांबतो आणि तिची ओळख पुसून तिला जोसेट बनवू पाहतो. हे कृत्य रक्ताच्या तहानेपोटी घडलेले नाही, तर हट्टापोटी घडलेले आहे. म्हणून शापाची सबब येथे पुरी पडत नाही. १७९५ ची कथा मात्र नंतर सांगितली गेली आणि तिने प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे वळवली. मॅगीवरील अन्यायाचा हिशेब मालिकेने पुढे कधीच पूर्णपणे चुकता केला नाही. अपराध आधी आणि दुःखाची कहाणी मागाहून, या क्रमामुळेच हा वाद टिकून आहे.

डॉ. जुलिया हॉफमन: सुटका झालेल्या मॅगीवर उपचार करताना जुलियाला (ग्रेसन हॉल) बार्नाबसचे रहस्य कळते. त्याला उघडे पाडण्याऐवजी ती त्याच्यावर वैद्यकीय उपचार करण्याची तयारी दाखवते आणि मॅगीची स्मृती संमोहनाने पुसून टाकते. डॉ. डेव्ह वुडर्ड यांना सत्य समजल्यावर त्यांच्या हत्येत ती सहभागी होते आणि अपहरणाचे खापर निरपराध विलीवर फुटू देते. डॉक्टरने रुग्णाचा असा विश्वासघात करणे क्षम्य आहे काय, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनाही टाळता आलेला नाही. दुसरीकडे, वैज्ञानिक कुतूहलापासून एकतर्फी प्रेमापर्यंत आणि तेथून निष्ठावान मैत्रीपर्यंत झालेला तिचा प्रवास हे मालिकेतील सर्वांत सुसंगत पात्रचित्रण मानले जाते.

व्हिक्टोरिया: १७९५ मध्ये पोहोचल्यावर व्हिक्टोरिया भेटेल त्याला ओळखीच्या माणसाप्रमाणे वागवते आणि भविष्यात घडणाऱ्या गोष्टी बोलून दाखवते. तिचा अनोळखी पेहराव आणि सोबत आलेला घराण्याच्या इतिहासाचा ग्रंथ हेच रेव्हरंड ट्रास्क तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो. खरी चेटकीण मोकळी राहते आणि व्हिक्टोरियाला फाशीची शिक्षा होते. तिने तोंड मिटून ठेवले असते तर ही वेळ आली नसती, अशी टीका नेहमी होते. तिच्या समर्थकांच्या मते, जिवावर बेतले तरी सत्य बोलणे हाच या पात्राचा स्वभाव आहे. नायिका भाबडी ठेवणे ही गॉथिक कथेची परंपरा आहे आणि दोष पात्राचा नसून लेखनाचा आहे.

मॅग्डा आणि क्वेंटिन: क्वेंटिन आपली पत्नी जेनी हिचा खून करतो. जेनीची बहीण मॅग्डा त्याला व त्याच्या वंशाला वेअरवुल्फ होण्याचा शाप देते. जेनीला क्वेंटिनपासून मुले झाली होती हे तिला नंतर कळते. आपल्याच बहिणीच्या वंशावर आपण शाप लादला, ही जाणीव तिला घेरते आणि शाप उलटवण्यासाठी तिची धडपड सुरू होते. सूड घेणाऱ्यावरच सूड उलटण्याचा हा प्रसंग मालिकेतील उत्तम कथारचनेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो.

कथानकाच्या बांधणीविषयी

आठवड्यातून पाच भाग लिहिण्याच्या घाईमुळे कथेत अनेक विसंगती राहिल्या. आरंभीच्या भागांत जोसेट व जेरेमाया यांचा काळ १८३० च्या दशकातील असल्याचे उल्लेख येतात. पुढे तोच काळ १७९५ असा बदलला गेला. कालप्रवासाचे नियमही एकसारखे नाहीत. बार्नाबस १८९७ मध्ये जाऊन क्वेंटिनचा मृत्यू टाळतो, परंतु मग क्वेंटिनचे भूत दिसले कसे आणि ते दिसले नसते तर बार्नाबस भूतकाळात गेला असता काय, या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नाहीत.

सर्वाधिक खंत व्यक्त होते ती व्हिक्टोरियाच्या जन्मरहस्याबद्दल. मालिकेचा प्रारंभच ज्या प्रश्नाने झाला, त्याचे उत्तर अखेरपर्यंत दिले गेले नाही. एलिझाबेथ हीच तिची आई असावी, असा तर्क प्रेक्षक करत आले आहेत. मोल्ट्के यांनी १९६८ मध्ये गरोदरपणामुळे मालिका सोडली. बेट्सी डर्किन व कॅरोलिन ग्रोव्ह्ज यांनी ही भूमिका थोडा काळ केली आणि नंतर पात्रच कथेतून काढून टाकण्यात आले.

१९६८ मधील 'स्वप्नशाप' हे उपकथानकही टीकेचे धनी ठरले. एकच भयानक स्वप्न एका पात्राकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि अखेर बार्नाबसपर्यंत पोहोचून त्याला पुन्हा व्हॅम्पायर करणार असते. प्रत्येक वेळी ते स्वप्न जवळपास तसेच दाखवल्यामुळे कथा रेंगाळते, असा आक्षेप आहे. मात्र दैनंदिन मालिकेच्या प्रेक्षकाचे काही भाग सुटणारच, हे गृहीत धरूनच अशी पुनरुक्ती योजली जाई, हेही ध्यानात घ्यावे लागते. लेव्हायथन कथेत बार्नाबस परक्या शक्तीचा हस्तक बनल्याने अनेक प्रेक्षक दुरावले. याउलट १७९५ आणि १८९७ हे कालखंड सर्वोत्कृष्ट समजले जातात. दोन्हींना निश्चित आरंभ व शेवट आहे, आणि पहिल्यात तर शोकान्त अटळ असल्याचे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते.

वादग्रस्त शेवट

१८४० च्या कथेच्या अखेरीस अँजेलिक शाप मागे घेते. बार्नाबस आपले तिच्यावर प्रेम असल्याचे सांगतो, पण त्याच वेळी लामार ट्रास्कच्या गोळीने ती मरते. ज्या स्त्रीने आई, बहीण आणि प्रेयसी यांचा घात केला तिच्यावर प्रेम जडणे काहींना असह्य वाटते. प्रथम झिडकारली गेलेली दासी अखेर स्वीकारली गेली, म्हणून इतरांना हाच कथेचा योग्य शेवट वाटतो. यानंतर बार्नाबस मालिकेत पुन्हा दिसला नाही. शेवटच्या आठवड्यांत फ्रिड यांनी ब्रॅमवेल कॉलिन्स या वेगळ्या पात्राची भूमिका केली. अंतिम भागात एका स्त्रीच्या मानेवर दंशाच्या खुणा आढळतात. तथापि तो दंश जनावराचा होता, असे निवेदक सांगतो आणि मालिका संपते.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लेखक सॅम हॉल यांनी टीव्ही गाइड या नियतकालिकात पात्रांचे पुढे काय झाले याविषयी लेख लिहिला. त्यात त्यांनी बार्नाबसचा विवाह जुलियाशी लावून दिला. जुलियाची भूमिका करणाऱ्या ग्रेसन हॉल या त्यांच्या पत्नी होत्या. पडद्यावरील शेवट प्रमाण मानावा की लेखकाने मागाहून सांगितलेला, याबाबत चाहत्यांत एकमत नाही.

वारसा

मालिका दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास लागत असल्याने गृहिणींबरोबरच शाळकरी मुलेही तिची प्रेक्षक बनली. मालिकेच्या आधारे डॅन कर्टिस यांनी हाउस ऑफ डार्क शॅडोज (१९७०) आणि नाइट ऑफ डार्क शॅडोज (१९७१) हे चित्रपट दिग्दर्शित केले. 'मॅरिलिन रॉस' या टोपणनावाने डब्ल्यू. ई. डी. रॉस यांनी लिहिलेल्या ३२ कादंबऱ्याही प्रसिद्ध झाल्या. १९९१ मध्ये एनबीसी वाहिनीवर बेन क्रॉस यांना बार्नाबसच्या भूमिकेत घेऊन मालिकेची नवी आवृत्ती आली. २०१२ मध्ये टिम बर्टन दिग्दर्शित चित्रपटात ही भूमिका जॉनी डेप यांनी केली.

त्या काळातील अनेक दैनंदिन मालिकांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. डार्क शॅडोजचे मात्र जवळपास सर्व भाग उपलब्ध आहेत. केवळ एका भागाची चित्रफीत हरवली असून त्याचे ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. त्यामुळे पुनःप्रसारणातून आणि घरगुती ध्वनिचित्रफितींतून नव्या पिढ्यांना संपूर्ण कथा सलग पाहता आली. रोज एक भाग पाहून विसरण्यासाठी लिहिलेली कथा असे सलग पाहणारा प्रेक्षक पात्रांची आधीची वचने आणि अपराध लक्षात ठेवतो. मालिकेवरील चर्चा आजही चालू असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.