राल, राँकस आणि घरघर

फुफ्फुसातील ध्वनींवरून श्वसनविकार ओळखण्याची विद्या कानाची मानली जाते. परंतु ऐकलेला ध्वनी दुसऱ्या वैद्याला सांगायचा, तर तो शब्दातच सांगावा लागतो. तेथून हा प्रश्न भाषांतराचा होतो.

रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिस येथे कागदाच्या सुरळीतून एका तरुण रुग्णेच्या हृदयाचे ठोके ऐकले व पुढे लाकडी नळी घडवली. १८१९ च्या त्यांच्या ग्रंथात श्वासमार्गातील विकृत ध्वनींना 'राल' ही एकच संज्ञा असून तिचे प्रकार उपमांनी वेगळे केले आहेत. एक ध्वनी मंद आचेवर तडतडणाऱ्या मिठासारखा, दुसरा पारव्याच्या घुमण्यासारखा. उपमा येथे अलंकार नाही, मोजमाप आहे.

अडचण आली ती मूळ शब्दातच. बोलीच्या फ्रेंचमध्ये 'राल' म्हणजे मरणासन्नाची घरघर. तो शब्द ऐकून रुग्ण घाबरतो, म्हणून लाएनेक रुग्णशय्येपाशी 'राँकस' हा लॅटिन पर्याय वापरीत. त्याचा मूळ अर्थ घोरणे! दोन्ही संज्ञा त्यांच्या लेखी समानार्थी होत्या. १८२१ मध्ये जॉन फोर्ब्स यांचे इंग्रजी भाषांतर आले. त्यानंतरच्या इंग्रजी परंपरेत मात्र या संज्ञांची फारकत झाली: तुटक, ओलसर ध्वनी तो राल, सलग, कोरडा तो राँकस. रुग्णाविषयीच्या संकोचातून आलेला पर्याय अशा रीतीने रोगलक्षणांचा भेद होऊन बसला. १९५७ मध्ये रॉबर्टसन आणि कूप यांनी 'लॅन्सेट'मध्ये हा गोंधळ उलगडून 'क्रॅकल' आणि 'व्हीझ' हे साधे इंग्रजी शब्द सुचवले. हा भेद केवळ कोशातला नव्हे. दम्यात प्रायः सलग शीळ ऐकू येते. न्यूमोनियात किंवा फुफ्फुस तंतुमय झाल्यास तडतड.

मराठी वाचकास लाएनेक यांचा संकोच सहज उमगावा. चरकसंहितेतील तमकश्वासाच्या वर्णनात 'घुर्घुरक' हा अनुकरणवाचक शब्द येतो. आपली 'घरघर' त्याच जातीची. कफाने मुलाची छाती घरघरते, तेव्हा घरातले लोक फारसे धास्तावत नाहीत. 'घरघर लागली' म्हटले की मात्र नातेवाइकांना निरोप जातात. ध्वनी एकच, भेद केला आहे तो क्रियापदाने. फ्रेंच वैद्याला त्यासाठी परभाषेचा आसरा घ्यावा लागला. मराठी डॉक्टरही हल्ली केसपेपरवर 'राँकाय' असे अनेकवचन लिहितो आणि रुग्णाला सांगतो, छातीत थोडा कफ आहे.